पैकीच्या पैकी

“क्रिएटिनिन अकरा,” नांदेडचे डॉक्टर म्हणाले. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा, पण रक्तातच साचलेला कचरा. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. माझी बायको सुमन हळूच म्हणाली, “कितीपैकी अकरा?” शेवटी मास्तराचीच बायको.

डायलिसिस सुरू झालं, म्हणजे यंत्राने रक्त धुणं. आठवड्यातून तीनदा नायगाव ते नांदेड एसटी. परतताना ती पिशवीत ओकायची आणि शेजारच्या बाईची माफी मागायची.

वर्षभराने लातूरच्या एका दवाखान्याने घरी वापरायचं नवं, छोटं मशीन चाचणीसाठी दिलं. हार झाला, नारळ झाला, भाषणं झाली. मशीनलाही कुंकू लागलं. पेशंट सोडून सगळे बोलले.

सोबत एक फॉर्म होता, ‘जीवनाची गुणवत्ता’. दर महिन्याला झोप, खाज, दम, उत्साह यांना दहापैकी गुण द्यायचे. दहा म्हणजे काहीच त्रास नाही.

“अहो, कमी पडले तर मशीन उचलून नेतेत का?”

“तसं कुठं लिहिलंय?”

“लिहून थोडीच नेतेत! तुम्ही दहा टाका. मला पुन्हा त्या एसटीत न्हाई बसायचं.”

ती भिंतीला पाठ घासत होती, आणि मी ‘खाज’समोर दहा लिहिले. पुढे ती उशांना टेकून बसूनच झोपू लागली. तेव्हाही ‘दम’समोर दहाच. चौतीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या. ही मी स्वतः लिहिली.

सहाव्या महिन्यात तिचा श्वास अडकला. लातूरला आयसीयूबाहेर डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली.

“सर, सगळीकडे पैकीच्या पैकी? आम्ही मशीनचे गुण विचारत होतो, त्यांचे नाही. मशीन कुणी नेणार नव्हतं. दम लागतोय कळलं असतं, तर अंगात साचलेलं पाणी मशीनने जास्त काढलं असतं.”

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

आत सुमनने मास्क बाजूला सारला. “पास का?”

“पहिला नंबर.”

“मग राहतंय मशीन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली.

महिन्याने शेवटचा फॉर्म आला, काळजी घेणाऱ्यासाठी. त्या मशीनने तिची एसटी सोडवली, घरचं दार-अंगण परत दिलं. त्याबद्दल आभार लिहिले. तुमच्याकडे असा फॉर्म आला, तर कागदाकडे नको, माणसाकडे बघून भरा.

मग माझी झोप, माझा दम, माझा उत्साह. प्रत्येकासमोर खरं लिहिलं. सवयीने हात खाली बेरजेकडे गेला.

बेरीज केली नाही.