पळसाचा बुके आणि आठवीचा वर्ग

माझं सूत्रसंचालन धसईच्या पंचक्रोशीत गाजलेलं होतं. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगत असे. शाळेत खिचडी नुकतीच शिजू लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी शिकवत होतो ती शाळा सातवीपर्यंत आणि आम्हाला आठवी हवी होती. पुढची शाळा ओढ्यापलीकडे, दीड तासाच्या चालीवर, त्यामुळे सातवी झालेली मुलगी घरी बसायची. परवानगीचं ठरवायला शिक्षणाधिकारी बाई स्वतः येणार होत्या आणि त्यांचा निरोप होता : हार, नारळ, शाल काही नको. फार तर एक पुष्पगुच्छ.

हेडमास्तरांना घाम फुटला. "हार हवे तेवढे मिळतील हो. बुके कुठनं आणू? कल्याणहून आणला तर इथं पोचेपर्यंत त्याची पालेभाजी होईल."

"सर, मी आहे ना!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

पळसाचे फुललेले तुरे, झेंडू, तगर, आरोग्यकेंद्राच्या कुंपणावरची बोगनवेल आणि कुणाच्या तरी दारावरच्या भाताच्या लोंब्या (विचारून घेतल्या असं मी आजही म्हणतो) एवढा ऐवज जमवला आणि सुतळीनं करकचून आवळला. खिचडी शिजवणाऱ्या मावशी चुलीपाशी उभ्या राहून बघत होत्या.

"गुरुजी, यानं बाईंना अंगण झाडाया लावणार काय?"

खरंच खराटा झाला होता. मावशींनी तो माझ्या हातातून काढून घेतला, सुतळी विळ्यानं कापली आणि एकेक देठ डाव्या मुठीत तिरका ठेवत मूठ फिरवत गेल्या. पळस मधे, झेंडू भोवती, लोंब्या बाहेर झुकलेल्या. देठांची टोकं जमिनीवर आपटून सारखी केली, पेंढ्याची काडी दोनदा गुंडाळली, पीळ देऊन टोक खोचलं. मी नुसता बघत राहिलो. गोल, भरदार बुके, मधे दिव्याच्या ज्योतीसारखा पळस!

दुसऱ्या दिवशी माइकवर मी दहा मिनिटं बाईंचं स्वागत केलं. त्यातली आठ मिनिटं माझीच होती. बाईंनी बुके हातात घेतला. कडेला पेंढ्याचं एक टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं. नीटनेटक्या बाई होत्या. त्यांनी ते ओढलं.

पुढच्या क्षणी सगळा बुके बाईंच्या पायाशी सांडला होता आणि एक झेंडू घरंगळत हेडमास्तरांच्या चपलेला लागला. माझा माइक चालू होता, मी बंद होतो. आठवी गेली, एवढं एकच डोक्यात.

तेवढ्यात खिचडीच्या धुरातून आवाज आला, "अवो बाय, वढलात कशाला? आवणी लागली काय?"

सगळं पटांगण हसलं. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी मात्र विचारलं, "ही गाठ सुटण्यासाठीच असते का?"

"मग? आवणीला भाताच्या रोपाची मूठ आमी अशीच बांधतो. चिखलात वाकून गाठी कोन सोडीत बसंल? वढली का रोपं हातात."

"मला दाखवा."

आणि बाई चक्क व्यासपीठाच्या पायरीवर बसल्या. मावशी पदराला हात पुसत आल्या. दोघींनी मिळून फुलं वेचली. बाईंचा पहिला प्रयत्न माझ्याहूनही वाईट होता, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

"तुमची मुलं इथेच शिकतात?" बाईंनी विचारलं.

"धाकटी सातवीत हाय. मोठीला पल्याड धाडली व्हती. आठवीला बसली न बसली, पयल्याच पावसात वढ्यानं तिचं दप्तर नेलं. बाप म्हनला, आज दप्तर नेलं, उद्या पोर नेल. बसवली घरी."

"आणि धाकटी?"

"ती पन बसंल. नायतर तुमी काय करताव ते सांगा."

आमच्या प्रस्तावात हेच सगळं 'भौगोलिक अडचण' या दोन शब्दांत होतं. बाईंनी फाइल मागवली, त्या दोन शब्दांखाली मावशींचं बोलणं स्वतःच्या अक्षरात लिहून काढलं आणि सही केली.

जूनमध्ये आठवी सुरू झाली, व्हरांड्यात, पोत्यांवर. मावशींची धाकटी पहिल्या रांगेत. मोठी तिच्या शेजारी, दोन वर्षांनी मोठी म्हणून जरा अंग चोरून बसलेली. मी फळ्यावर बीजगणिताचं पहिलं उदाहरण मोठ्या थाटात सोडवून मागे वळलो.

"गुरुजी," मोठी हळूच म्हणाली, "तिसऱ्या ओळीत चुकलंय."

चुकलं होतं. मी खडू तिच्या हातात दिला.