मिसातोनं नीट ऐकलं

माझी मुलगी मिसातो आमच्या गावच्या वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्याची लीडर आहे. चाळिशी उलटली तरी समोरचा नाराज झाला की अजून तिला रात्रभर झोप लागत नाही. अशा मुलीच्या हाताखाली अख्खा मजला कसा दिला, हे मला आजही कळत नाही.

मागच्या वर्षी तिच्या मजल्यावरची तीन माणसं नोकरी सोडून गेली. तिघांनीही कारण दिलं, घरची अडचण. खरं काय ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही आणि ते तिला फार लागलं. म्हणून मुख्य कार्यालयानं कानाझावाला सजगतेचं शिबिर ठेवलं, तेव्हा ती हौसेनं गेली.

परत आली ती वेगळीच. जेवताना मोबाइल लांब. मी काही बोलले की चॉपस्टिक्स खाली ठेवायच्या, माझ्याकडं बघायचं, एक पूर्ण श्वास घ्यायचा आणि मग बोलायचं. मधे तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, समजूत काढायची नाही. समोरच्याचे शब्द त्याला परत द्यायचे, म्हणजे आपण ऐकलं हे त्याला कळतं.

"गुडघे दुखतायत गं," मी म्हणाले.

श्वास. "तुझे गुडघे दुखतायत."

"हो, तेच म्हणाले मी. मलम दे."

तिच्या मजल्यावरच्या जुन्या सेविका वाकुईबाई तर तोंडावर म्हणायच्या, "लीडर, तुमचा श्वास होईपर्यंत माझा चहा गार होतो." मिसातो हसायची, पण सोडायची नाही. आणि गुण आलाही. मिसातो दर महिन्याला हाताखालच्या प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलायची; नोआ नावाच्या तरुण सेविकेनं त्या महिन्याच्या बोलण्यात पहिल्यांदाच सांगितलं की तिची कंबर गेली आहे, आजी-आजोबांना आंघोळ घालायची पाळी झेपत नाही. मिसातोनं पाळ्या बदलल्या. नोआ टिकली. त्या आठवड्यात मिसातोला शांत झोप लागत होती, आणि म्हणून मलाही.

मग ओरितोसानांची वेळ आली.

ओरितोसान पूर्वी टॅक्सी चालवायचे, आता मिसातोच्या हाताखाली सेवक होते. साठीला टेकलेले, सावकाश, कुणावर आवाज न चढवणारे. मजल्यावरच्या तोकुए आजी त्यांच्याच हातानं जेवायच्या; दुसऱ्या कुणी चमचा पुढं केला की तोंड घट्ट मिटायच्या. ऑक्टोबरात चाकाच्या खुर्चीत बसवताना आजी त्यांच्या हातून थोड्या घसरल्या. लागलं काहीच नाही, पण ओरितोसान दिवसभर जो भेटेल त्याच्यापुढं वाकून माफी मागत राहिले.

त्या महिन्याच्या बोलण्यात ते मिसातोला म्हणाले, "या वयात मी सगळ्यांना अडचणच होतोय."

संध्याकाळी मिसातो घरी आली ती खुशीत. "आई, आज ओरितोसान मनातलं बोलले."

तिनं ते वाक्य सांगितलं आणि माझ्या हातातला मुळा तसाच राहिला. "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? नीट ऐकलं. श्वास घेतला, आणि म्हटलं, आपण सगळ्यांना अडचण होतोय असं तुम्हाला वाटतं."

"छे, छे, भलतंच काय, असं नाही म्हणालीस?"

"तसं म्हटलं की माणूस गप्प होतो, आई. शिबिरात तेच तर शिकवलं."

"अगं, दुकानदार 'आमचा माल साधाच' म्हणाला तरी आपण 'छे, छे' म्हणून त्याला पुरं बोलू देत नाही. ते काय म्हणाले मग?"

"'हो,' म्हणाले. मी थांबले, पुढं बोलतील म्हणून. त्यांनी खाली वाकून आभार मानले. म्हणाले, मला स्पष्ट कळलं."

हे सांगताना तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. माझ्याकडं बघून उतरला असावा.

आठवडा संपायच्या आत ओरितोसानांनी राजीनामा दिला. कारण, घरची अडचण. सोबत सगळ्यांसाठी लाल चवळीच्या पुरणाच्या मिठाईचा डबा.

मिसातोनं त्यांना जिन्यातच गाठलं. तुम्ही हवे आहात, माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता, सगळं एका दमात सांगितलं. ओरितोसान हसले. "जाणाऱ्याला इतकं चांगलं बोलता, हा तुमचा मोठेपणा आहे, लीडर."

ती व्यवस्थापकांकडं गेली. ते म्हणाले, "वय झालंय त्यांचं. स्वतःहून निघालेत, कुणालाच अवघड झालं नाही. तुम्ही छान हाताळलंत."

वाकुईबाईंना गाठून म्हणाली, तुम्ही तरी सांगा त्यांना. वाकुईबाईंनी मान हलवली. "सांगून पाहिलं. म्हणाले, 'लीडरनीच तुम्हाला पाठवलं ना?' आता तुम्ही जितकं नाही म्हणाल ना, तितकं त्यांना हो ऐकू येणार."

शेवटच्या दिवशी मिसातोनं त्यांना पुन्हा महिन्याच्या बोलण्याच्या छोट्या खोलीत बसवलं. नोआचं सांगितलं, मागच्या वर्षीच्या तिघांचं सांगितलं, शिबिराचं, श्वासाचं, समजूत काढायची नाही या नियमाचंही. बोलता बोलता रडली. ओरितोसानांनी एकदाही तिला तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं, तिच्याकडं रुमाल सरकवला आणि म्हणाले, "माझ्यामुळं तुम्हाला किती त्रास झाला. वेळेवर निघतोय, हेच बरं." मग तोकुए आजींना दुपारचं जेवण भरवायला गेले. आपण जाणार हे त्यांनी आजींना सांगितलं नव्हतं.

त्याला आता नऊ दिवस झाले. आजींना रोज मिसातोच भरवायला बसते. त्या दोन-तीन घास घेतात आणि दाराकडं बघत बसतात.

उद्या पुन्हा महिन्याचं बोलणं आहे. जेवताना मिसातोनं विचारलं, "उद्या कुणी तसंच म्हणालं तर मी काय करू, आई? लगेच 'छे, छे' म्हटलं तर खरं कळत नाही, आणि ऐकत बसले तर माणूस जातो."

 मी तिला आणखी थोडा भात वाढला. तो तिनं खाल्ला नाही.