एका फटक्याचा दंड

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. कुणी विचारलं नाही असं नाही. नातवंडांनी विचारलं. एकदा एका क्लबात माझा सत्कार झाला, तेव्हा माइक हातात देऊन विचारलं, की आयुष्यात कधीच विसरणार नाही अशी स्पर्धा कोणती? मी दर वेळी एखादी जिंकलेली स्पर्धा सांगून मोकळा झालो. महाबळेश्वरचा विषय निघालाच, तर म्हणायचो, तिथं आमच्या थोरल्या बंधूंनी घोटाळा केला. लोक हसायचे. तो घोटाळा त्यांचा नव्हता. आता त्यांच्या बाजूनं बोलणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

मी गोल्फ खेळून पोट भरत होतो. सत्तरच्या दशकात माझ्या गावच्या, आष्ट्याच्या पारावर हे समजावून सांगणं प्रत्यक्ष खेळण्यापेक्षा अवघड होतं.

"नोकरी काय करतोस?"

"खेळतो."

"त्ये कळलं. पर नोकरी?"

लष्करात असलेल्या मामांकडे पुण्याला वाढलो. शाळा सुटल्यावर गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलायचो. उचलता उचलता मारायला शिकलो आणि पुढे प्रो, म्हणजे बक्षिसाच्या पैशावर जगणारा खेळाडू झालो. प्रो म्हणजे काही थाट नव्हता. सोमवारी थर्ड क्लासनं प्रवास, मंगळवारी मैदान पायाखाली घालायचं, बुधवारी क्लबाच्या मेंबरांबरोबर त्यांच्या वाकड्या फटक्यांना वा वा करत फिरायचं, गुरुवार ते रविवार स्पर्धा आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा स्टेशन. बायको आणि दोन मुलं आष्ट्याला थोरल्या भावाकडे, दादांकडे होती. दादा माझ्याहून पुष्कळ मोठे. वडील गेल्यावर शेत त्यांनीच सांभाळलं, आणि माझा संसारही.

त्या वर्षी मे महिन्यात महाबळेश्वरला एक स्पर्धा होती. प्रो मोजकेच होते, पण जिंकेल त्याला तिथला क्लब कायमचा ठेवून घेणार होता. राहायला क्वार्टर मिळणार होतं. पावसाळ्यात मैदान बंद, म्हणजे ते महिने घरी. मुलं मला ओळखेनाशी होत चालली होती. मला ती जागा हवी होती, आणि माझ्यापेक्षा दादांना जास्त हवी होती. "एकदा तू हितं जवळ आलास की मी सुटलो बघ," असं ते म्हणायचे.

सोमवारी मिरजेला उतरलो आणि एसटीत पिशवी चढवली. कंडक्टरनं ती उघडायला लावली.

"एवढ्या काठ्या? त्याबी लोखंडाच्या? कुनाच्या बांधावर निघालायसा?"

सगळी गाडी हसली. मी खेळाचं सामान आहे म्हणून सांगितलं. त्यानं एक लोखंडी काठी हातात तोलून पाहिली, शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवली आणि म्हणाला, "खेळ म्हनं. डोस्क्यात बसला तर खेळच की." सामानाचं तिकीट फाडलंच.

मंगळवारी माधवनगरला एका गिरणीच्या मॅनेजरनं गोल्फ दाखवायला बोलावलं होतं. गिरणीमागच्या मोकळ्या रानात पाळीवरून सुटलेली माणसं जमली. दादाही आले होते. मी ताकदीनं मारला. बॉल पार पलीकडच्या उसात गेला. कुणीही टाळी वाजवली नाही.

"गेला कुटं?" एकानं विचारलं.

"तिकडं, उसात."

"मग आता?"

"आता तिथं जाऊन परत मारायचा."

"आन् आनखी लांब गेला तर?"

मॅनेजरनं स्वतः चार-पाच वेळा जमीन खणली आणि मला मनगट कसं वळवावं हे शिकवलं. मी मान डोलावली. आठवडा असाच सुरू झाला होता, आणि घरी पोचलो तर पुण्याहून तार आलेली. माझी पिशवी उचलणारा नेहमीचा कॅडी तापानं पडला होता.

दादा म्हणाले, "वझंच उचलायचं न्हवं? मी येतो. ऊस गेलाय कारखान्याला, मोकळाच हाय."

नको म्हणायला हवं होतं. पण बायको तिथंच उभी होती, आणि त्या घरात दादांना नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

साताऱ्याहून वर जाताना घाटभर मी त्यांना शिकवत होतो. मी मारताना बोलायचं नाही. हलायचं नाही. माझ्यापुढं सावली पडू द्यायची नाही. बॉलला हात लावायचा नाही.

"आन् शिंक आली तर?"

"गिळायची."

"शिंक कशी गिळत्यात रं?"

क्लबावर धोतरावरून अडलं. कॅडींनी पायजमा घालावा असा रिवाज होता. दादा म्हणाले, मैदानात धोतर सोडायचं ते पैलवानानं, मी न्हाई सोडणार. शेवटी धोतरावरच क्लबाचा निळा कोट चढवला, नंबराचा बिल्ला लावला. नाव लिहून घेताना सेक्रेटरीनं विचारलं, कुठला माणूस? मी म्हणालो, आष्ट्याचा. एवढंच. भाऊ म्हणालो नाही. त्यात खोटं काही नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

गुरुवार ते शनिवार मी दातओठ खात काढले. पिशवी खांद्याला लावायची सोडून दादा ती वैरणीच्या भाऱ्यासारखी डोक्यावर घ्यायचे. माझ्याबरोबर खेळणाऱ्या दिल्लीकडच्या प्रोनं चांगला फटका मारला, की हे "वा रं गड्या" म्हणून त्याची पाठ थोपटायचे. माझा फटका चुकला की मोठ्यानं "आरारारा" करायचे. मी डोळे वटारले की म्हणायचे, "आता तर तू मारलास की. मारताना बोलू नगं म्हनालास, मारल्यावर कुटं म्हनालास?" दुसरे प्रो हसत होते. आपण माझ्या भाड्याच्या गड्याला हसतोय असं त्यांना वाटत होतं, आणि मी तसं वाटू देत होतो.

तरी खेळ चांगला होत होता. रविवारी बॉल घालायचे शेवटचे थोडेच होल राहिले तेव्हा मी दोन फटक्यांनी पुढं होतो; या खेळात कमी फटक्यांत आटपेल तो जिंकतो, आणि मला सगळ्यांपेक्षा दोन कमी लागले होते.

तिथं माझा एक फटका डावीकडं गेला, झाडीच्या कडेला. दिल्लीवाल्याचा उजवीकडं गेला होता, तो आणि त्याचा कॅडी तिकडं शोधत होते. दादा माझ्यापुढं गेले. झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड होता, कुणी तरी आदल्या दिवशी नारळही फोडलेला, आणि बॉल त्या दगडाला टेकून बसला होता. मी लांबून पाहिलं. दादांनी पिशवी खाली ठेवली, पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले आणि बॉल उचलून वीतभर बाजूला, स्वच्छ जागी ठेवला.

मी पोचल्यावर ते हळूच म्हणाले, "देवाच्या अंगाला टेकला हुता. तू लोखंड मारणार. देवाला लागलं असतं. म्हनून जरा सरकवला."

बॉलला हात लावायचा नाही हे त्यांना ठाऊक होतं. देवापाशी पडलेल्या बॉलला तो नियम लागू होईल असं त्यांच्या मनातही आलं नाही. आमच्याकडं कुणाच्याच आलं नसतं.

मी काय करायचं ते सोपं होतं. हात वर करून दिल्लीवाल्याला बोलवायचं, झालं ते सांगायचं, एका फटक्याचा दंड घ्यायचा, म्हणजे माझ्या हिशेबात एक फटका वाढवायचा. या खेळात पंच मागे फिरत नसतो, आपली चूक आपणच सांगायची असते. एकच फटका. मी दोननं पुढं होतो.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी बॉल मारला.

शेवटी दोन फटक्यांनीच जिंकलो. दंड घेतला असता तरी एकानं जिंकलो असतो. फटक्यांचा हिशेब ठेवायच्या कार्डावर तो दंडाचा फटका न मांडता मी सही केली.

क्लबाच्या व्हरांड्यात चहा चालला होता. पायऱ्यांशी दादा इतर कॅडींमध्ये बशीतून चहा पीत होते, आणि आनंदानं सांगत होते, "त्या झाडाखालच्या देवाची किरपा. बॉल त्याच्या पायाशी आलेला. म्या उचलून बाजूला ठिवला, तवा मारला ह्यानं." सेक्रेटरी मागंच उभा होता. लष्करातून निवृत्त झालेला, मराठीच माणूस. तो सरळ माझ्याकडं आला.

"तुमच्या कॅडीनं बॉल हलवला म्हणतो. तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला आत्ताच कळतंय. गावाकडून रोजानं आणलेला गडी आहे. त्याला यातलं काही समजत नाही."

हे सगळं दादांच्या समोर, हाताच्या अंतरावर. त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडं एकदा पाहिलं आणि सेक्रेटरीला म्हणाले, "व्हय साहेब. मी ह्यास्नी न सांगताच केलं."

मला अहोजाहो केलं त्यांनी.

सेक्रेटरीनं विश्वास ठेवला, पण कार्ड चुकीचं ते चुकीचंच; कमी फटके दाखवणाऱ्या कार्डावर सही केली की खेळाडू बाद. माझं नाव काढून टाकलं. जागा दिल्लीवाल्याला मिळाली. निघताना सेक्रेटरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, यापुढं माणूस बघून घेत जा.

एसटी घाट उतरून वाईला आली. मग दादा म्हणाले, "गडी म्हनलास त्ये बरं केलंस. भाऊ म्हनला असतास तर दोघंबी चोर ठरलो असतो." मला त्या चांगुलपणाचाच राग आला. भांडले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पर म्या निसता हात लावला म्हनून समदंच गेलं?"

"व्हय," मी म्हणालो. "नियमच तसा हाय."

घरी मी हेच सांगितलं. बायकोनं तोंड फिरवलं, माझ्यापासून नाही, दादांपासून. गावात व्हायचं तेच झालं. दादा दिसले की पारावरचे म्हणायचे, "काय पाटील, भावाची नोकरी देवाला वाहिली म्हनं?" कुणी तरी रस्त्यातला दगड दाखवून म्हणायचं, "जपून, पाया पडून फुडं जावा." दादा हसून पुढं जायचे. मी पारावर बसलेला असलो तर मीही हसायचो. मग सोमवार यायचा आणि मी मिरजेहून गाडीत बसायचो. मुलं तशीच, माझ्यावाचून मोठी झाली.

त्या दशकाच्या अखेरीला दादा आजारी पडले. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी कलकत्त्याला निघालो होतो, गाडी मिरजेहूनच होती. सांगायचं म्हणूनच गेलो होतो, वाक्य मनात जुळवून. खाटेजवळ बसलो. मी तोंड उघडण्याआधी तेच बोलले.

"डोंगरावर तुला घर मिळालं असतं. पोरं तुझ्याजवळ ऱ्हायली असती. माझ्या हातानं गेलं त्ये. लय दिवस म्हनीन म्हनीन म्हनतोय. मनात ठिवू नगंस रं."

मी म्हणालो, "जाऊ द्या दादा. मी कवाच सोडून दिलंय."

त्यांचा चेहरा सैल झाला. माझा हात त्यांनी थोपटला आणि डोळे मिटून घेतले. जागं करून खरं सांगावं असं वाटलं, पण परत आल्यावर सांगू म्हणून उठलो. परत आलो तो त्यांच्या दहाव्याला.

सांगायचं ते एवढंच होतं. दादा, तुमच्या हातानं एकच फटका गेला होता, आणि तो जाऊनही मी जिंकत होतो. बाकी सगळं मी घालवलं. माफी तुम्ही नव्हती मागायची. मला माफ करा.