ज्ञानेशमामांचं दसऱ्याचं अपडेट

आमच्या नात्यातला एकही लॅपटॉप ज्ञानेशमामांनी नैसर्गिक मृत्यूने मरू दिलेला नाही. लॅपटॉप म्हातारा झाला, रांगायला लागला, की मामा त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकतात. मग तो नव्यासारखा पळतो. निदान पुढच्या दसऱ्यापर्यंत.

मामा अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. आठ तास ते मोटारी आणि पॅनेल बघतात, उरलेला वेळ मानवजातीला देतात. लिनक्स फुकट आहे, त्याला व्हायरस लागत नाही आणि ते कुणा एकाच्या बापाचं नाही, हे त्यांनी बारशापासून दहाव्यापर्यंत सगळ्या कार्यक्रमांत सांगून झालंय. एका साखरपुड्यात त्यांनी मुलाच्या आईला विचारलं, "मुलगा अजून विंडोजच वापरतो का?" त्या माउली घाईघाईने म्हणाल्या, "नाही हो, त्याला कसलंच व्यसन नाही."

कारखान्याने जुने लॅपटॉप भंगारात काढले तेव्हा मामांनी त्यातले दोन उचलले. दोन्ही एकाच मॉडेलचे, जुळे भाऊ. एक त्यांनी ठेवला आणि दुसरा मला दिला. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते. "सृष्टी, या मशीनवर तू इंजिनियर होशील," असं मामा म्हणाले होते. झालेही. मशीनमुळे झाले असं म्हणता येणार नाही, पण मशीन असूनही झाले.

मामांचा एक नियम आहे. दसऱ्याला कारखान्यात मशीनला हार घालतात, तसं मामा नात्यातल्या लॅपटॉपांना हळदकुंकू लावतात आणि अपडेट करतात. हळदकुंकवाने आजवर कुठलाही लॅपटॉप बिघडलेला नाही. त्यानंतर मात्र दर वर्षी कुणाच्या तरी घरून फोन येतो. कुणाचा आवाज गेलेला असतो, कुणाचं वायफाय. मामा त्याला कधीही आपली चूक म्हणत नाहीत. ते म्हणतात, "हार्डवेअर जुनं आहे."

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझी नोकरीची परीक्षा होती. घरूनच द्यायची, खोलीत एकटीने, कॅमेरा चालू ठेवून. दुसरा स्क्रीन जोडलेला दिसला तर पेपर तिथेच बंद, आणि पुन्हा संधी नाही. डिग्रीचा निकाल लागल्यापासून मी मखमलाबादला घरी होते. नोकरी लागेपर्यंत माझी डिग्री आईबरोबर झेंडू तोडत होती.

दसऱ्याला झेंडूवाल्यांच्या घरी कुणी थांबत नाही. पहाटेच आम्ही बाजारात गेलो. उन्हं वर आल्यावर परत येऊन बघते तर मामा पाटासमोर मांडी घालून बसलेले, आणि माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर ओळी सरसर वर चाललेल्या. मी तो पूजेला ठेवला होता, अपडेटला नाही.

"मामा, हे काय?"

"कर्नल नवं आलंय. तुझं वर्षभर मागे पडलं होतं."

"उद्या परीक्षा आहे माझी!"

"म्हणून तर! परीक्षेला कुणी मळक्या कपड्यांनी जातं का?"

कर्नल म्हणजे लिनक्सचं काळीज, आणि त्या काळजाचं म्हणणं स्क्रीनपर्यंत पोचवणारा दुभाषा म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. आमच्या जुन्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरला बनवणाऱ्यांनी केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं. नव्या कर्नलची भाषा त्याला येत नव्हती. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, लोगो दिसला आणि स्क्रीन काळा पडला.

"थांब, विचार करतंय ते," मामा म्हणाले.

चहा झाला. त्याचा विचार काही संपेना. शेवटी मामांनी मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला, तर काळोखात पासवर्डची चौकट अंधुक दिसली. चित्र येत होतं, मागचा दिवा लागत नव्हता.

"बघ! चालू आहे," मामा म्हणाले. "फक्त दिसत नाहीये."

आई परडीतला उरलेला झेंडू निवडत होती. "म्हणजे मेला नाय, नुसता आंधळा केलास."

"ताई, हार्डवेअर जुनं आहे."

"सकाळी पण तेवढंच जुनं होतं ना रे?"

मामांनी केबल काढून लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीवर लगेच सगळं दिसायला लागलं. शेजारच्या चांगुणामावशी सोनं द्यायला आल्या, आपट्याची पानं हातातच धरून टीव्हीवरच्या काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी बघत राहिल्या. "कोणतं चॅनल गं हे? फार बातम्या देतंय."

मी परीक्षेची सरावाची साइट उघडली. तिने सूचना दिली, दुसरा स्क्रीन काढा.

"पण पहिला कुठे आहे?" मामा म्हणाले.

"ते तुम्ही सांगा."

मी डोकं थंड ठेवलं. मला शिकवलंय तसं म्हटलं, "सुरुवातीच्या मेनूत मागचं कर्नल असतं. त्यावर जाऊ."

मामांनी मान खाली घातली. "ते मी काढून टाकलं."

"का?"

"दसऱ्याला घर साफ करतो ना आपण."

मग मी लॅपटॉप सुरू होतानाच्या आज्ञेत बदल करून ग्राफिक्स कार्डाला गप्प बसवलं. दिवा लागला, पण अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली. उत्तर पाठवायचं बटण स्क्रीनच्या बाहेर, बहुधा मखमलाबादच्याही बाहेर. मामा म्हणाले, "डोळ्यांना मात्र बरं वाटतंय." त्यांच्याकडे बघायची माझी इच्छा नव्हती.

दिवसभर मामा फोनच्या बारक्या स्क्रीनवर उपाय शोधत होते. त्यांची बॅग खुंटीला लटकलेली. मी म्हटलं, "मामा, तुमचा लॅपटॉप काढा ना. त्यावर नीट वाचता येईल."

"त्याची बॅटरी उतरलीय."

"चार्जर लावू."

"घरी राहिला."

जुळ्या भावाचा चार्जर माझ्या हातात होता, आणि तो आम्हा दोघांनाही दिसत होता. मामा उठून विहिरीची मोटर बघायला गेले. मोटरला काही झालं नव्हतं. मला वाटलं, स्वतःचाही आंधळा करून बसलेत आणि आता लाजतायत. मी जास्त ताणलं नाही. मैत्रीण मीनाला फोन केला. तिचा लॅपटॉप ऑफिसचा, त्यात परीक्षेची साइट उघडू देत नाहीत. सायबर कॅफेत एकटीला खोली मिळणार नाही. मामा त्या रात्री आमच्याकडेच राहिले.

सकाळी नवाच्या पुढे मी प्रयत्न सोडला. आई जवळ येऊन बसली. तिचे हात झेंडूने पिवळे झाले होते. ती म्हणाली, "जाऊ दे. दिवाळीचा माल आहेच की अजून. आपलं काय अडलंय?"

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मामा दारात उभे होते. त्यांनी खुंटीवरून बॅग काढली, लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि झाकण उघडलं. स्क्रीन लख्ख उजळला. कोपऱ्यात एक सूचना होती. अपडेट थकलेत, चार आकडी. शेवटचं अपडेट कधीचं ते मी पाहिलं. मशीन भंगारातून आलं, त्या आठवड्यातलं.

"मामा, यावर एकदाही केलं नाही?"

"चालू मशीनला हात लावायचा नसतो," मामा हळू आवाजात म्हणाले. "मेंटेनन्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात."

"मग आमच्या मशीनला?"

मामांनी रिकाम्या बॅगची चेन लावली. "तुमच्यावर नीट चाललं, की मग मी करणार होतो."

एवढी वर्षं आमचं सगळं गणगोत मामांची प्रयोगशाळा होतं, आणि उंदरांना वर हळदकुंकू. बोलायला खूप होतं, वेळ नव्हता. परीक्षेच्या साइटला जुना ब्राउझर चालेना, म्हणून तेवढा एक नवा घातला. ते होईपर्यंत मामा डोळे मिटून बसले होते. मग ते बाहेर गेले आणि पेपर संपेपर्यंत दारात खुर्ची टाकून बसले. त्यांनी कुणाला आत सोडलं नाही, आणि आईच्या म्हणण्यानुसार लिनक्सबद्दल एक शब्दही काढला नाही.

मी पास झाले. पुढची मुलाखतही झाली, आता रुजू व्हायचंय. गल्लीत बातमी पसरली ती अशी, की सृष्टी लिनक्समुळे पास झाली. रविवारी मामा आले तेव्हा चांगुणामावशी लेकाचा लॅपटॉप छातीशी धरून हजर.

"ज्ञानेशभाऊ, यात पण टाका ना ते सृष्टीचं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी हार ओवत होते, ओवत राहिले. मामांनी लॅपटॉप सुरू केला. स्क्रीन आला.

"चालतो का?" त्यांनी विचारलं.

"चालतो. जरा हळू हाय."

मामांनी तो बंद करून मावशींच्या हातात परत दिला. "मग चालू द्या."

मावशी चहा न घेताच गेल्या. चांगलं ते भाचीला आणि शेजाऱ्यांना नकार, असं त्या आता सगळ्या गल्लीला सांगत असतात.