पेट्रासाठीची रजा

पुण्यात, वारजेच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबांनी दिवाणाजवळच्या भिंतीवर पेट्राचा नकाशा चिकटवला होता. पेट्रा म्हणजे जॉर्डनच्या वाळवंटातलं, डोंगर कोरून केलेलं प्राचीन शहर. बाबांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि परदेश पाहिला तो नकाशात. आता काचबिंदूने त्यांची नजर कडेकडून मिटत चालली होती. काय बघायचं ते या वर्षात बघून घ्या, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मी त्यांना घेऊन जायचं ठरलं.

पण रजा मिळेना, आणि तो घोळ माझाच होता. आमच्या आयटी कंपनीत एकदा माणसं कमी करायला लागले, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. अमेरिकेतल्या एका क्लायंटच्या गोदामांचं जुनं सॉफ्टवेअर मी एकटी सांभाळायचे. ते कसं चालतं हे लिहून ठेवायचं असतं. मी मुद्दाम लिहिलं नाही. म्हटलं, आपल्यावाचून यांचं पान हललं नाही, म्हणजे आपल्याला कोण काढतंय? मोठी अक्कल चालवली. नोकरी टिकली, आणि मी अडकले ती अडकलेच.

रजा मागितली की मॅनेजर शांतपणे म्हणायचा, "घ्या की, कोण अडवतंय? फक्त तुमच्या जागी कोण बसेल तेवढं सांगा." कोण बसणार, कपाळ! उन्हाळा असाच गेला, मग दिवाळी. तिसरा अर्ज परत आला तेव्हा बाबांनी स्वतःच चौकशी केली. पेट्राला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या एका सहलीत त्यांनी आपलं नाव घातलं. त्यांची बॅग मी भरली, डोळ्यांचे थेंब वरच्या कप्प्यात ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बाबा तिकडे होते त्याच आठवड्यात क्लायंट पुण्यात आला होता. भर मीटिंगमध्ये माझा फोन थरथरला. परदेशी नंबर, म्हणजे बाबाच. सगळे माझ्याकडे बघत होते. मी फोन कापला आणि 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलते' हा तयार मेसेज पाठवला. फोन पुन्हा थरथरला. मी पुन्हा कापला.

परत आल्यावर बाबा भिंतीवरचा नकाशा काढून घडी घालत बसले होते. मी विचारलं, "कसं होतं?"

"होतं. जागेवर होतं."

मी नकाशाचं दुसरं टोक धरलं. मग तेच म्हणाले, "दोन कड्यांमधल्या बोळातून बाहेर आलो, तर समोर ते कोरलेलं दार. ऊन पडलं होतं. म्हटलं, तुला सांगावं."

"मग आता सांगा ना, बाबा."

"आता आठवून सांगावं लागेल. तेव्हा बघून सांगणार होतो."

पुढच्या सोमवारी मी त्या सॉफ्टवेअरची माहिती लिहायला बसले. गुरुवारी दुपारी लिहून झाली.