उंबरठ्यातली खळगी

शोघिकमावशींना आताशा माणसं सावल्यांसारखी दिसत. डोंगरातला ख्रिस्ती मठ मात्र लख्ख दिसे, कारण तो त्या तळपायांनी पाहत. मेणबत्त्यांपाशी फरशी कोमट, वेदीपाशी गार आणि दारात वाटीएवढी खळगी. वेदीला पाठ दाखवायची नाही, म्हणून आर्मेनियातला जो तो उलट्या पावलांनी बाहेर पडतो. सातशे वर्षं टाचा टेकून उंबरठा झिजला होता. टाच खळगीत बसली की दार आलं, मग जपून एक पायरी खाली.

मावशींच्या आजीच्या काळात सोव्हिएत सरकारने देवाची हकालपट्टी करून मठात गहू भरला. आजी पोती टाकून तशीच उलटी निघे.

“पाय उलटे का गं तुझे, भुतासारखे?” पहारेकरी विचारी.

“गव्हावर नजर ठेवते बाबा. तुझा काय भरवसा!”

चाळीस वर्षं मठाची किल्ली मावशींकडे होती. गावाने बजावलं होतं, एकदा जरी पडलात तरी किल्ली दुसऱ्याकडे. तेवढ्यात डागडुजीला वाहराम आला. गावातच वाढलेला, शहरात इंजिनिअर झालेला.

“मावशी, पाहुणे ठेचकाळतात. सपाट दगड बसवतो.”

“मग मला दार कोण सांगणार रे?”

“दार काय पळून जातंय!”

शहाण्याला कोण समजावणार? दगड बसला.

सकाळी मावशी धुपाच्या वासातून मागे मागे आल्या. टाच चाचपत राहिली. खळगी नाही. पुढचं पाऊल दारात की हवेत? त्या थांबल्या. मठ अख्खाच्या अख्खा विरघळून गेल्यासारखा झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण आंधळ्या आहोत असं वाटलं. रडूच आलं.

“मावशी, अशा का उभ्या? या, असं यायचं,” म्हणत वाहराम वेदीकडे तोंड करून, लहानपणच्या सवयीने, झपझप मागे निघाला. धप्प! साहेब पायरीखाली बसकण मारून.

“लागलं का रे?”

त्याने टाच चोळली.

“टाच खळगी शोधत होती, मावशी.”

जुना दगड जर्दाळूच्या झाडाखाली टाकलेला होता. खळगीत पाणी साचलं होतं, चिमण्या पीत होत्या. संध्याकाळपर्यंत वाहरामने तो स्वतः परत बसवला.

मावशी वेदीपासून हळूहळू मागे आल्या. टाच ओल्या खळगीत बसली, आजीची बसायची तिथेच.

“आलं दार,” त्या म्हणाल्या आणि कमरेची किल्ली काढून मठाला कुलूप लावलं.