गृहमंत्र्याची चौकशी

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा दिल्लीच्या संसदेत दहशतवादविरोधी कायद्यावरून रणकंदन चाललं होतं. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांना वाटलं, तीच चर्चा आपण औरंगाबादेत, कॉलेजच्या हॉलमध्ये करावी. अभिरूप संसद. अध्यक्ष स्वतः सर. बाकी कुणी काय व्हायचं ते चिठ्ठ्या टाकून.

माझ्या चिठ्ठीवर 'विरोधी पक्षनेता' निघालं. मी वेरूळच्या अलीकडच्या खेड्यातला, पुंडलिकनगरात खोली करून राहणारा. तोवर घरात वडिलांना उलटून एक शब्द बोललो नव्हतो. 'गृहमंत्री' निघाला माझा बाकावरचा मित्र. तो शहागंजच्या मागं राहायचा. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. घरात दखनी उर्दू बोलायचा आणि बाहेर माझ्याहून शुद्ध मराठी. त्यानं चिठ्ठी वाचली आणि हळूच माझ्यापुढं सरकवली.

"बदलू का? तू सरकार हो, मी विरोधात बसतो."

सरांनी ऐकलं. "बदलाबदली नाही. जनादेश बदलून मिळत नसतो."

मग तो खरोखरच गृहमंत्री झाला. पंधरा दिवस ग्रंथालयात बसून त्यानं कलमं पाठ केली. संशयिताला दोषारोपपत्राशिवाय किती दिवस ठेवता येतं, जामीन कधी नाकारायचा, पोलिस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा का धरायचा, सगळं. चर्चेच्या दिवशी मामाच्या लग्नातला बंद गळ्याचा कोट घालून आला आणि गरजला, "निरपराध माणसाला या कायद्याची भीती कशाला? जो घाबरतो, त्याच्याच मनात काहीतरी आहे!" हॉल टाळ्यांनी दणाणला. खरं सांगतो, मीही वाजवल्या.

मी एकच दुरुस्ती मांडली. कबुलीजबाब पोलिसांपुढं नको, मॅजिस्ट्रेटपुढं व्हावा. ती एका मतानं पडली, कारण माझ्या पक्षाचा एक खासदार कॅन्टीनमध्ये वडा खायला गेला होता. तो तोंड पुसत परत आला तेव्हा मूळ विधेयकावर मतदान चालू होतं. आपण उशीर केला म्हणून गडबडून त्यानं दोन्ही हात वर केले.

मागच्या बाकावर एक मध्यमवयीन गृहस्थ वहीत लिहीत बसले होते. आम्हाला वाटलं, कुणाचे तरी पालक. सरांनी त्यांना चहा दिला. मध्येच त्यांनी मला विचारलं, "दुरुस्ती म्हंजी नेमकं काय दुरुस्त करायलेत?" मी समजावून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

चौथ्या दिवशी तेच गृहस्थ मित्राच्या दारात उभे राहिले. ते साध्या कपड्यातले जमादार होते. उद्या अकरा वाजता साहेबांनी ठाण्यात बोलावलंय, म्हणाले. वडिलांनी दुकान बंद केलं. त्या घरात अठ्ठेचाळीसच्या पोलिस ॲक्शनच्या, निजामाचं राज्य गेलं त्या दिवसांबद्दल कुणी कधी बोलत नसे, आजोबांबद्दलही नाही. वडील मुलाला एवढंच म्हणाले, "बोलना कम, सुनना ज्यादा." मला बोलावणं नव्हतं. मी आपणहून गेलो.

निरीक्षक साहेबांपुढं रिपोर्ट होता. त्यांनी मोठ्यानं वाचला. "गृहमंत्री, राहणार शहागंज, यांनी दहशतवाद या विषयावर चाळीस मिनिटं भाषण केलं. जमाव अंदाजे साठ. टाळ्या पडल्या." मग वर बघून म्हणाले, "टाळ्या कशाला पडल्या?"

"भाषण बरं झालं, साहेब."

"दहशतवादावर?"

"विरोधात, साहेब. मी सरकारच्या बाजूनं होतो."

"सरकारची बाजू घ्यायला तुला कुणी सांगितलं?"

"चिठ्ठी निघाली होती."

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "कुठली चिठ्ठी? कुणी पाठवली?"

मित्रानं खिशातल्या पाकिटातून ती काढली. आठवण म्हणून जपली होती. कागदाचा बोटाएवढा तुकडा, त्यावर सरांच्या अक्षरात 'गृहमंत्री'. साहेबांनी ती उजेडाकडं धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि जप्त करायला सांगितली. पंचनामा सुरू झाला. एक पंच ठाण्याबाहेरचा चहावाला. दुसरा कोण, म्हणून जमादारांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. अशी विरोधी पक्षनेत्यानं गृहमंत्र्याच्या विरुद्ध पहिली सही केली.

"इतकी कलमं तुला पाठ कशी?" साहेबांनी विचारलं.

"गृहमंत्री होतो ना, साहेब."

"गृहमंत्र्यांना पाठ असतेत व्हय?" जमादार म्हणाले.

साहेबांनी कोरा कागद पुढं केला. "जबाब लिही."

चार दिवसांपूर्वी हॉल दणाणून सोडणारा मित्र खालच्या आवाजात म्हणाला, "मॅजिस्ट्रेटसमोर दिला तर चालेल का, साहेब?"

साहेबांनी रिपोर्टाचं पान उलटलं, बोट फिरवलं. "ती दुरुस्ती तर पडली. एका मतानं. इथं लिहिलंय."

ते थट्टा करत नव्हते. मी त्यांचा चेहरा नीट पाहिला.

माझ्यानं राहवेना. मी उठलो. "साहेब, सरकारला शिव्या मी दिल्या. हुकूमशाही म्हणालो, काळा कायदा म्हणालो. लिहायचं तर माझं नाव लिहा."

त्यांनी पानं चाळली. "तुझं नाव नाय यात."

"मी विरोधी पक्षनेता होतो!"

"असशील. इथं 'इतर विद्यार्थी' आहे. बस खाली."

मी बसलो. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग त्याची लाज वाटली. दोन्हींत क्षणाचंही अंतर नव्हतं. त्या दिवशी हॉलमध्ये जमादार आमच्या दोघांचीही भाषणं लिहीत होते. नाव मात्र त्यांनी एकाचंच विचारून घेतलं होतं.

दुपारी सर स्कूटरवरून आले. साहेबांची मागणी साधी होती. हा मुलगा गृहमंत्री नाही, असं लेखी हवं. सरांनी लिहिलं, "सदर विद्यार्थी दुपारी दोन ते चार एवढाच काळ गृहमंत्री होता. सध्या त्याच्याकडे कोणतेही खाते नाही."

"मग राजीनामा जोडा," साहेब म्हणाले.

मित्रानं राजीनामा लिहून सरांकडं दिला, तर सर घेईनात. ते राज्यशास्त्राचे. "मंत्र्याचा राजीनामा अध्यक्षांकडं देत नाहीत. पंतप्रधानांकडं द्यावा लागतो." साहेबांना ते एकदम पटलं.

आमची पंतप्रधान गारखेड्यात राहायची. मी सरांची स्कूटर घेऊन निघालो. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिनं हात ओढणीला पुसून 'स्वीकृत' असं लिहून सही केली. तिच्या आईनं घाबरून विचारलं, "काय झालं रं?" मी म्हणालो, "मंत्रिमंडळ पडलं, काकू." त्या म्हणाल्या, "आता परत मतदान का?"

चारच्या सुमारास त्याला सोडलं. आम्ही दोघं पायीच निघालो. पैठण गेट आलं. मग तो म्हणाला, "भाषण खरंच चांगलं झालं होतं का?"

"लई."

"तुझ्या दुरुस्तीला मत द्यायला पाहिजे होतं मी."

पुढं काही वर्षांनी त्याला आईला हजला घेऊन जायचं होतं. पासपोर्टच्या चौकशीत ठाण्यातली ती फाईल निघाली. पूर्वीचा व्यवसाय या रकान्यात कुणीतरी 'गृहमंत्री (राजीनामा दिलेला)' असं लिहून ठेवलं होतं. तोवर दिल्लीतलं सरकार बदललं होतं आणि तो कायदाच संसदेनं मागं घेतला होता. मित्रानं पासपोर्ट कचेरीच्या खिडकीतल्या कारकुनाला ते सांगितलं. कारकून भला माणूस होता, त्याला मनापासून वाईट वाटत होतं. "कायदा रद्द झाला, खरंय. पण फाईल रद्द करायला कुठं कायदा आहे?"

दीड वर्ष गेलं. राजीनाम्याची प्रत, सरांचं पत्र, पंतप्रधानांचं प्रतिज्ञापत्र (ती तेव्हा नाशिकला सासरी होती) असं सगळं जोडल्यावर पासपोर्ट आला. त्याला आणि त्याच्या आईला सोडायला मी मुंबईच्या विमानतळापर्यंत गेलो.

हजहून परत आल्यावर त्यानं विमानतळाच्या आतलं सांगितलं. निघताना इमिग्रेशनच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवर शिक्का मारला आणि मान वर न करता परत दिला. हा तिथंच उभा. पुढचा प्रश्न येईल म्हणून वाट बघत. अधिकारी म्हणाला, "जाइए." तरी हा हलेना. शेवटी मागून आईनंच ढकललं, "अरे चल ना, हवाई जहाज निकल जाएगा."